तांबी बसवून घरी आल्यावर: सरकारी कॉपर टी ३८० ए आणि तिच्यासोबतची सेवा

प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, पालिकेच्या प्रसूतिगृहात आणि प्रशिक्षित सिस्टर असतील तर उपकेंद्रातही फुकट बसवून मिळणारी तांबी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाच्या पिशवीत बसवायची कॉपर टी, वस्तू म्हणून उत्तम आहे. एकदा बसली की १० वर्षं चालते. रोजची गोळी नको, दर ३ महिन्यांनी सुई नको, आणि वर्षभर वापरणाऱ्या शंभर बायकांत एखादीलाही दिवस राहतातच असं नाही. उणं पडतं ते बसवल्यानंतरच्या सांगण्यात. टेबलावरचं काम ५ ते १० मिनिटांत उरकतं. त्यापुढचे ३ महिने बाईला घरात, शेतात, कामावर काढायचे असतात, आणि निघताना तिला बहुतेक वेळा एक कार्ड आणि "काही झालं तर या" एवढंच मिळतं. हे "काही" म्हणजे नेमकं काय ते माहीत नसेल, तर दुसऱ्याच पाळीला घाबरून चांगली बसलेली तांबी काढून घेतली जाते. जास्त रक्त आणि पोटातली कळ हीच तांबी काढण्याची नेहमीची कारणं आहेत, आणि दोन्हींची कल्पना आधी दिली तर बरंच निभावता येतं.

आधी वस्तू पाहू. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा, ३६ मिलिमीटर उंच आणि ३२ मिलिमीटर रुंद असा मऊ प्लास्टिकचा सांगाडा. उभ्या दांड्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली आणि आडव्या दोन्ही हातांवर तांब्याची एकेक नळी. या सगळ्या तांब्याचा पृष्ठभाग ३८० चौरस मिलिमीटर भरतो, म्हणून नावात ३८०. तांब्याचे कण पिशवीतल्या ओलाव्यात उतरतात आणि शुक्रजंतू निकामी होतात. ही तांबी बसल्या क्षणापासून काम करते. प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेलं असतं, त्यामुळे एक्स-रेत ती ठळक दिसते. याचा उपयोग पुढे येईल. खालच्या टोकाला बारीक गोळी, आणि तिच्यातून ओवलेला दोन शेपट्यांचा दोरा. बसवल्यावर तो पिशवीच्या तोंडापासून सुमारे ३ सेंटिमीटर ठेवून कापतात.

पाकिटाबद्दल दोन गोष्टी. आतली तार काळपट दिसली तर वस्तू जुनी झाली असं नाही. देवघरातला तांब्या काळवंडतो तसंच ते आहे, आणि त्याने कामात काही फरक पडत नाही. पाकीट फाटलेलं किंवा सुटलेलं मात्र चालत नाही, कारण मग आतली वस्तू निर्जंतुक राहत नाही. पाकिटावरची मुदतीची तारीख हीसुद्धा निर्जंतुकपणाची मुदत असते. मुदतीच्या आत बसवली की तांबीची १० वर्षं बसवल्या दिवसापासून मोजायची. पाकीट फोडण्याआधी ते बाईला दाखवणारं केंद्र चांगलं समजावं.

आता घरी निघण्याबद्दल. पिशवीचं तोंड चिमट्याने धरलं आणि आतली खोली मोजायची सळई आत गेली की काही जणींना घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. तिथल्या नसा ओढल्या जाऊन नाडी मंदावते, म्हणून हे होतं. ते १० ते १५ मिनिटांत ओसरतं, पण तेवढा वेळ आडवं राहावं लागतं. टेबलावरून उठवून लगेच बाहेरच्या बाकड्यावर पाठवणं ही आपल्या केंद्रांची सर्रास चूक आहे. खाट मिळत नसेल तर हट्टाने मागा. उपाशी पोटी गेलं की चक्कर हमखास वाढते. सकाळी भाकरी-पोळी खाऊनच जावं, सोबत पाण्याची बाटली असावी. परतताना स्वतः स्कूटी चालवू नये. रिक्षा, एसटी, नवऱ्याच्या गाडीमागे बसणं, काहीही चालेल. खड्ड्यांच्या रस्त्याने तांबी हलते ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. पिशवी ही जाड स्नायूंची मूठ आहे आणि तिच्या आत धक्का पोचत नाही.

पहिली रात्र कळांची. पिशवीत बाहेरची वस्तू आली की ती आवळते, म्हणून ओटीपोटात आणि कमरेत पाळीसारखी कळ येते. मूल झालेल्या बाईला ती बहुधा सौम्य असते, मूल न झालेलीला जास्त. जोर पहिल्या २४ ते ४८ तासांत असतो, आणि नंतर आठवडाभर मधूनमधून चिमटा आल्यासारखं वाटतं. शेक हे यावरचं साधं आणि खरोखर लागू पडणारं औषध आहे. गरम पाण्याची रबरी पिशवी दोन तृतीयांशच भरावी, झाकण लावण्याआधी दाबून हवा काढावी, म्हणजे ती पोटावर नीट बसते. उकळतं पाणी थेट ओतू नये, आणि पिशवी आणि अंग यांच्यामध्ये सुती फडकं असू द्यावं. १५ ते २० मिनिटं शेक, मग विश्रांती. विजेवर तापणाऱ्या जेलच्या पिशव्या सोयीच्या आहेत, पण तापत असताना त्या अंगाशी घेऊ नयेत.

गोळ्यांत आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम सर्वांत भरवशाची: काही खाऊन, ८ तासांच्या अंतराने, दिवसात ३ पेक्षा जास्त नाही, आणि हे दोन-तीन दिवसच. पिशवी आवळायला लावणारा रासायनिक घटकच ती कमी करते, म्हणून ती पॅरासिटामॉलपेक्षा या कळेला जास्त लागू पडते. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा वेदनाशामक गोळीने दमा उसळण्याचा त्रास असेल तर मात्र पॅरासिटामॉलच घ्यावं. डेंग्यूच्या दिवसांत अंगात ताप असतानाही हाच नियम. मेडिकलवाला पाळीच्या दुखण्यावर सर्रास जी गोळी देतो तिच्यात मेफेनॅमिक ॲसिडबरोबर डायसायक्लोमीन असतं. अंगावर पाजणाऱ्या आईने डायसायक्लोमीन असलेली गोळी घेऊ नये, आणि तांबी बसवणाऱ्यांत पाजणाऱ्या आया खूप असतात, तरी हे कोणी सांगत नाही. मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित ताप आणि अंगभर पुरळ अशी गंभीर रिॲक्शन येऊ शकते. भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ मध्ये तसा इशारा दिला होता. पुरळ दिसली की गोळी बंद करून डॉक्टरांकडे जावं. ॲस्पिरिन टाळावं, त्याने रक्त जास्त जातं.

त्याच दिवशी थोडं लाल जातं. काही थेंब चिमट्याच्या टोचण्याचे, काही पिशवीच्या आतल्या अस्तराचे. मग दोन-चार दिवस डाग, कधी तपकिरी, कधी गुलाबी, आणि ते पहिले काही आठवडे मधूनच उगवतात. यासाठी साधे पॅड पुरे. जनऔषधी केंद्रातलं १ रुपयाचं सुविधा पॅड डागांसाठी चांगलं आणि खिशाला हलकं आहे. पाळीच्या जास्त जाणाऱ्या दिवसांसाठी मोठ्या आकाराचे पॅड आणून ठेवावेत. घरातलं सुती कापड वापरत असाल तर ते साबणाने धुऊन उन्हात वाळवलेलंच घ्या, आणि ४ ते ६ तासांनी बदला. पहिले ४८ तास योनीत काहीही घालू नये: टॅम्पॉन नाही, कप नाही, संबंध नाही. डोक्यावरून आंघोळ चालते, विहिरीत-तलावात पोहणं दोन दिवस थांबवावं. ज्या मासिक पाळीचा कप वापरतात त्यांनी आधी विचारून घ्यावं. पुढेही कप काढताना तळ दाबून हवा सोडावी आणि मगच ओढावा. तशीच चोखण धरलेली ओढली तर तांबी खाली येऊ शकते, दोराही कपासोबत ओढला जातो.

कामाचं विचाराल तर दुसऱ्या दिवशी बरं वाटत असेल तर सगळं काम करता येतं. हंडा उचलणं, खुरपणं, भाताची लावणी, धुणं, जिना, योगासनं यांनी तांबी सरकत नाही. सासूबाई दोन दिवस आराम कर म्हणत असतील तर जरूर करावा, कारण कळेला आराम बरा. पण "वाकलीस म्हणून निसटली" हा आळ कोणी घेऊ नये. निसटायची असेल तर ती पिशवीच्या आवळण्याने, बहुतेक वेळा पाळीच्या दिवसांत, निसटते. साधारण २० जणींत एकीची निसटते, आणि त्यातही पहिल्या ३ महिन्यांत जास्त.

दोरा तपासण्याला म्हणूनच इतकं महत्त्व आहे, आणि सेवेत सर्वांत कच्चं राहतं तेही इथंच. कार्डावर "दोरा तपासावा" असं असतं, पण कसा ते बाईला कोणी करून दाखवत नाही. साबणाने हात धुवा, नखं कापलेली असू द्या. उकिडवं बसा किंवा एक पाय मोरीतल्या स्टुलावर ठेवा. मधलं बोट योनीत वर आणि थोडं मागे, कमरेच्या दिशेने न्या. नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट पण लवचीक काहीतरी लागेल, ते पिशवीचं तोंड. त्याच्या मध्यातून तंगूस असते तशी बारीक, गुळगुळीत दोन टोकं बोटाला लागतील. बस्स, ओढायचं नाही. पहिला महिनाभर आठवड्याने एकदा आणि नंतर दर पाळी संपल्यावर एकदा एवढं पुरे. पाळी चालू असताना पॅडवरही नजर ठेवावी. गाठींसोबत तांबी पडून गेलेली कळतसुद्धा नाही, आणि मग दिवस राहिल्यावर दोष तांबीला जातो.

दोऱ्याऐवजी प्लास्टिकचं टणक टोक बोटाला लागलं तर तांबी अर्धवट खाली आली आहे. ती आत ढकलू नये, ओढूही नये. निरोध वापरायला लागावं आणि दोन-तीन दिवसांत दाखवावं. तिथे ती काढून, दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करून नवी बसवतात. दोरा पहिल्यापेक्षा लांब लागला तरी दाखवावं. अजिबात लागला नाही तर तो बहुधा पिशवीच्या तोंडात वर मुडपून बसलेला असतो, पण गृहीत धरू नये. तपासणीचा क्रम ठरलेला आहे: आधी लघवीची चाचणी, मग आतून पाहणं, मग सोनोग्राफी, आणि पिशवीत दिसली नाही तर पोटाचा एक्स-रे. एक्स-रेतही नसेल तर ती पडून गेली. पोटात पिशवीबाहेर दिसली तर बसवताना पिशवीला भोक पडलेलं असतं. असं हजारात एक-दोघींना होतं, पाजणाऱ्या आयांत थोडं जास्त. ती दुर्बिणीने काढता येते. छातीत जाते, डोक्यात जाते या गोष्टींना शरीरात वाटच नाही. पण "काही होत नाही हो" म्हणून बाईला परत पाठवणंही बरोबर नाही.

नवऱ्याला दोरा टोचतो ही तक्रार नेहमीची. दोरा फार आखूड कापला की त्याचं टोक ताठ राहतं; लांब ठेवला की तो मऊ होऊन पिशवीच्या तोंडाभोवती वळतो. म्हणून सुरुवातीला जरा लांब ठेवणारी सिस्टर शहाणी. एक-दोन महिने वाट पाहूनही टोचत असेल तर तो अगदी तोंडाशी कापून घेता येतो. मात्र मग तो घरी बोटाला लागणार नाही, हे कार्डावर लिहून घ्यावं.

संबंध दोन दिवसांनी, रक्त थांबलं असेल आणि मन असेल तेव्हा. पहिल्या २० दिवसांत जंतुसंसर्गाची शक्यता सर्वांत जास्त असते, कारण बसवताना योनीतले जंतू वर जाऊ शकतात. त्यानंतर तांबीमुळे धोका वाढत नाही. नवऱ्याकडून गुप्तरोग आला तर तो मात्र तांबी असो वा नसो येतोच, आणि त्यावर निरोधच लागतो. अंगावरून पांढरं थोडं जास्त जाणं नेहमीचं आहे. वास मारणारं, पिवळं-हिरवट जाणं, सोबत ताप, ओटीपोट हाताने दाबल्यावर दुखणं, संबंधाच्या वेळी आत खोल दुखणं, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवावं. अशा वेळी डॉक्टर बहुधा तांबी आत ठेवूनच प्रतिजैविकं देतात आणि दोन-तीन दिवसांत उतार पडतो का ते पाहतात. हे माहीत असलं म्हणजे "आधी काढा, मग औषध" असा वाद होत नाही.

आता पाळी. हीच तांबीची खरी परीक्षा. पहिल्या ३ ते ६ महिन्यांत रक्त दीडपटीपर्यंत जाऊ शकतं, पाळी एक-दोन दिवस लांबते आणि पहिल्या दिवसाची कळ वाढते. बहुतेकींचं हळूहळू कमी होतं, काहींचं नेहमीपेक्षा थोडं जास्तच राहतं. पाळी सुरू होताच आयब्युप्रोफेन वेळेवर घेतलं, दुखायची वाट न पाहता घेतलं, तर कळ आणि रक्त दोन्ही कमी होतात. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देतात. ते मनाने आणून घेऊ नये, पायात रक्ताची गाठ झाल्याचा इतिहास असेल तर मुळीच नाही. जाड मोठा पॅड तासाभरात भरतोय आणि असं सलग दोन तास चाललंय, किंवा लिंबाएवढ्या गाठी पडतायत, तर घरी थांबू नये.

जिचं हिमोग्लोबिन आधीच ९ पर्यंत उतरलेलं आहे तिला तांबी बसवून घरी पाठवताना लोहाच्या गोळ्या दिल्या नाहीत, तर ते काम अर्धवट झालं असं आमचं स्पष्ट मत आहे. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर जास्त लागतं. शौचाला काळी होणं हे त्या गोळीमुळेच. हळीव, मेथी, चवळीची पालेभाजी जेवणात असावी, पण कमी झालेलं हिमोग्लोबिन नुसत्या भाजीने भरून निघत नाही. ३ महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावं.

पाळी चुकली तर थांबू नका, चाचणी करा. तांबी असताना दिवस राहणं दुर्मीळ, पण राहिलेच तर गर्भ नळीत असण्याची शक्यता तपासावी लागते. पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं अशी लक्षणं एकत्र दिसली तर उपकेंद्राच्या वाटेला न जाता १०८ बोलवावी.

बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवलेल्या तांबीचं गणित वेगळं आहे. पिशवी तेव्हा मोठी आणि सैल असते, त्यामुळे निसटण्याचं प्रमाण जास्त. दोरा सुरुवातीला लागत नाही. पिशवी आकसत गेली की पुढच्या काही आठवड्यांत तो खाली उतरतो. कळ आणि रक्त बाळंतपणाच्याच त्रासात मिसळून जातात, हा त्यातला फायदा. पण निसटण्याची शक्यता जास्त, म्हणून यांच्यासाठी ६ आठवड्यांची तपासणी टाळण्याजोगी नाहीच. बाळाच्या डोसासाठी दीड महिन्यांनी जायचंच असतं, तीच वेळ साधावी. आशाताईंनी या दोन्ही तारखा एकत्र सांगितल्या की बाई येतेच.

केंद्राकेंद्रांत फरक कशाने पडतो, तर या छोट्या गोष्टींनी: खाट, दोन वेदनाशामक गोळ्या हातात, दोरा कसा लागतो ते तिथेच बोटाने दाखवणं, आणि कार्डावर तांबीचा प्रकार, बसवल्याची आणि काढायची तारीख स्पष्ट लिहिणं. प्रकार लिहिणं यासाठी की सरकारी केंद्रात ३८० ए बरोबर ३७५ ही येते आणि ती ५ वर्षांचीच असते. बाईला "१० वर्षं" एवढंच आठवतं आणि ३७५ तिच्या पोटात मुदतीबाहेर राहते. कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, एक आशाताईंकडेही द्यावा. एमआरआय करायची वेळ आली तर तांबीमुळे तो सहसा अडत नाही, पण तंत्रज्ञाला आधी सांगावं.

जिची पाळी मुळातच खूप जाते किंवा पिशवीत गाठी असल्याने पोकळी वेडीवाकडी झाली आहे, तिला ही तांबी सुचवू नये. पोकळी वेडीवाकडी असेल तर हार्मोनचं साधनही पिशवीत बसवत नाहीत; पण फक्त पाळी जास्त जात असेल तर मिरेनासारखं, पिशवीतच बसवायचं हार्मोनचं साधन बरं, त्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन असतं आणि पाळी उलट कमी होते. ते महाग पडतं, आणि पाळीच्या पहिल्या ७ दिवसांनंतर बसवलं तर त्यापुढे ७ दिवस निरोध वापरावा लागतो. तांब्याच्या तांबीला ही अट नाही.

काढण्याबद्दल एक गाऱ्हाणं बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं: बसवायला बोलावतात, काढायला गेलं की "अजून सहा महिने बघा" म्हणतात. बाईने काढा म्हटलं की काढायची, कारण विचारता येतं, अडवता येत नाही. काढणं मिनिटभराचं: दोरा चिमट्यात धरून सावकाश ओढतात, हात वर दुमडतात, एक कळ येते आणि संपतं. दिवस राहण्याची ताकद त्याच महिन्यात परत येते. म्हणून लगेच मूल नको असेल आणि नवीही बसवायची नसेल, तर काढायला जाण्याआधीचे ७ दिवस निरोध वापरून जावं.